सातवी आसरा

२०२३ सालचा जानेवारी. भोरच्या ज्या मंगल कार्यालयात एरवी लग्नाच्या पंगती उठतात, तिथे दोन दिवस खनिजांचं आणि रत्नांचं प्रदर्शन भरलं होतं. पहिल्याच दिवशी दुपारी अंबूबाईने तिथल्या एका काचेच्या पेटीवर दोन्ही तळहात आपटले.

"ही आमची हाय! हितं कुणी आणली?"

पोरं दगड फोडून आतले खडे बघत होती, आया अंगठ्या बोटात घालून बघत होत्या. सगळ्यांच्या माना वळल्या. अंबूबाई आली होती ती बचत गटाच्या पिठलं-भाकरीच्या स्टॉलवर भाकऱ्या थापायला. हात धुऊन सहज एक चक्कर मारायला निघाली आणि तिसऱ्या टेबलापाशीच खिळली.

पेटीमागची मुलगी उठून उभी राहिली. पुण्याची शेफाली. शाळेत शिकवायची आणि हौसेने दगड जमवायची. "आजी, बसा आधी. पाणी देऊ?"

"पानी नगं. ही दे."

पेटीत ओंजळीएवढा दगड होता. खाली फिकट गुलाबी, पाकळ्या मिटल्यासारखा, आणि वर हिरवट, काचेसारखे चौकोनी खडे. त्यातल्या मोठ्या खड्याचं टोक तुटलेलं.

ते टोक कसं तुटलं ते अंबूबाईला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात भोंगवलीपलीकडच्या त्यांच्या वस्तीने विहीर खोदायला घेतली, तेव्हा ती नवी नवरी होती आणि राड्याच्या टोपल्या ओढायला काठावर उभी असायची. तिच्या नवऱ्याच्या, सोनबाच्या पहारेखाली एक पोकळी लागली. पोकळीत हा दगड, पहारेने टोक उडालेला, आणि दगडामागून पाणी. सासूने, सखूबाईने, तो त्याच पाण्यात धुतला आणि म्हणाली, "सातवी आपल्या पायानं आली गं."

विहिरीच्या काठावर पाण्याच्या देवता म्हणून सात दगड मांडतात, त्या साती आसरा. वस्तीने सहा दगड ओढ्यातून आणून ठेवले होते, सातवा जुळत नव्हता. सखूबाईने त्याच घटकेला या दगडावर तेल-शेंदूर चढवला. त्यानंतर पन्नास वर्षं शेंदरावर शेंदूर चढत गेला. वस्तीतली प्रत्येक बाळंतीण सव्वा महिन्याने तान्हं घेऊन विहिरीवर आली, पाणी पुजलं, सातींना कुंकू लावलं. पण दगड उघडा पाहिलेलं आता कोणी उरलं नव्हतं. एकटी अंबूबाई तेवढी.

"मी हा एका व्यापाऱ्याकडून घेतला, आजी," शेफाली म्हणाली. "तेव्हा असाच स्वच्छ होता. देवाचा आहे हे खरंच ठाऊक नव्हतं."

"सोच्छ! आईचं लुगडं फेडावं तसा शेंदूर फेडलाय आणि सोच्छ म्हनं!"

तेवढ्यात "काकी, काय झालं?" असं म्हणत धनाजी आला. अंबूबाईचा पुतण्या. उद्घाटनाला पाहुणा म्हणून बोलावला होता. गळ्यात हार, हातात नारळ. तीन वर्षांपूर्वी विहिरीचा गाळ काढून काठ बांधून घेतला तो यानेच. रीतीप्रमाणे काम संपेपर्यंत साती आसरा पाहुण्या म्हणून तांदळाच्या टोपलीत याच्याच घरी बसल्या होत्या.

अंबूबाईने त्याच्याकडे बघितलं. मग दगडाकडे.

"धना, सात नेल्या हुत्यास. किती आणल्यास?"

"सातच की! आज सकाळी म्या सोता शेंदूर घातला. काकी, चार मान्सं बघत्यात. घरी चला."

"बनाबाई, तू सांग," अंबूबाई आपल्या शेजारणीकडे वळली.

बनाबाईने पिठाचे हात पदराला पुसले. "सात हायेत खऱ्या. म्या परवाच कुकू लावलं."

शेफाली मात्र हटली नाही. "तुमच्याखेरीज वस्तीतल्या दोघा जुन्या माणसांनी उद्या संध्याकाळपर्यंत येऊन सांगितलं की हा तुमचाच, तर मी देईन. काही नको मला त्याचं."

"तर मग खरवडून बघू की सातवी," अंबूबाई म्हणाली.

बनाबाईने कानांवर हात ठेवले. "द्येवाचा शेंदूर खरवडायचा? हात झडत्याल बाई!"

धनाजी हसला. त्याला ठाऊक होतं. जगात कुठली तिजोरी नसेल इतका पक्का तो शेंदूर होता. त्याखाली काय आहे हे बघायला वस्तीतल्या माणसाचा हात धजत नाही, हे ओळखूनच त्याने सातवी व्यापाऱ्याला विकली होती. देवाची भीती त्याला नव्हती. वस्तीच्या मनातल्या भीतीवर त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुजायचं होतं. अंबूबाईची नातसून नूतन पहिलटकरीण, सव्वा महिन्याची मुलगी कुशीत. बायका जमल्या, बांगड्या आल्या, दहीभात आला. नूतन पहिल्या आसरेपाशी वाकणार, तोच अंबूबाईने कमरेचं खुरपं काढलं आणि सातव्या दगडावर घातलं.

बायका किंचाळल्या. शेंदराच्या जाड खपल्या उडाल्या. वरचा ताजा थर, त्याखाली तीन वर्षांचा जुना थर, आणि त्याखाली करडं सिमेंट. काठ बांधताना उरलेल्या काँक्रीटचा गोळा. खडी दिसत होती, एका बाजूला घमेल्याची गोलाई तशीच उठलेली.

"बगा!" अंबूबाईचा आवाज फाटला. "तीन वर्स ह्या सिमिटाला पोरी दावल्या तुमी! ह्याच्याकडं आवुक्ष मागितलं!"

धनाजी मोटारीच्या खोलीतून बाहेर आला. वस्तीतल्या निम्म्या रानांना त्याच्याच पाइपाने पाणी जायचं. त्याने गोळ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "शेंदूर काढल्यावर कुठला बी दगूड दगूडच दिसतोय. बनाबाई, त्याल आणा. परत चढवू."

आणि बनाबाई खरोखरच तेलाची वाटी घेऊन पुढे झाली.

ते मात्र अंबूबाईला सहन झालं नाही. तिने तो गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि विहिरीत फेकला. धप्प आवाज आला, वर्तुळं काठाला लागली.

"काकीनं आसरा पान्यात टाकली!" धनाजी ओरडला. आता पुरावा कुठला? अंबूबाईने बायकांकडे बघितलं. "चला भोरला. दोगी या. बगितलंय तेवढं सांगा, जादा काय नगं." एकेकीची नजर आपापल्या रानाकडे वळली.

"म्या येते, आजी," नूतन म्हणाली.

"तुजं कोन ऐकंल, बाय? तू लगीन होऊन आलीस तवा हे सिमिट आदीच बसलं हुतं. तू पूजा कर."

ती एकटीच एसटीने भोरला गेली. शेफालीने कार्यालय झाडून होईपर्यंत वाट पाहिली. मग, नाइलाजाने म्हणा की सुटल्यासारखं म्हणा, दगड कापसात गुंडाळला. अंबूबाईने मागितला नाही. एवढंच म्हणाली, "दोन मान्सं बी न्हाई मिळाली गं मला."

पुढच्या वर्षी तो दगड अदलाबदलीत दुसऱ्या कुणा हौशी माणसाकडे गेला आणि तिथून परदेशी. शेफाली त्यानंतर भोरच्या प्रदर्शनाला आली नाही. धनाजीने विहिरीवर फरशी घातली, आपल्या नावाची पाटी लावली आणि सहा आसरा सिमेंटमध्ये बसवल्या. सातवी नवी ठेवावी तर जुनी खोटी होती हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून "म्हातारीनं घालवली" असं सांगून त्याने जागा सपाट केली. अंबूबाई २०२४च्या उन्हाळ्यात गेली. तिच्या दहाव्याला बनाबाईने सगळ्यांसमोर रडत खरं ते सांगितलं, आणि ऐकून घेऊन लोक जेवायला बसले.

नूतनला आता दुसरी मुलगी आहे. तिचं पाणी पुजायला बायका जमल्या तेव्हा सगळ्या सहा वेळा वाकल्या आणि मागे सरल्या. नूतन सातव्यांदा वाकली, आणि कोऱ्या फरशीला तिने कुंकू लावलं.