मळकी काच

“अहो, हे सगळे आपल्याकडेच का बघतायत?”

निशिकांत हसले. “तुझी कीर्ती केनियापर्यंत पोचली, नंदा!”

यांना प्रत्येक गोष्टीत चेष्टा. इथे सिंगापुरात, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमधला टीव्ही रविवारी संध्याकाळी माझ्या ताब्यात असतो. आमची ऋता तिकडे रानात जिराफ मोजते. प्रत्येकाच्या अंगावरची नक्षी वेगळी. फोटो जुळवून कोण उरलं, कोण गेलं ते ठरवायचं. दरवर्षी कमीच भरतात, म्हणते. पाणवठ्यावर तिने कॅमेरा लावलाय. त्याचं चित्र इथे दिसतं, आवाज नसतो. आठवडाभर तांजोंग पगारच्या ऑफिसात आकड्यांशी डोकं फोडायचं आणि रविवारी लेक दिसेल म्हणून इथे बसायचं, एवढंच माझं सुख.

सकाळीच तिला मेसेज केला होता, “काच किती मळलीय गं! पूस जरा. तू धुरकट दिसतेस.”

“ओके लाह, आई. आज पुसते.” केनियात गेली तरी बोलण्यातलं इथलं ‘लाह’ काही सुटलेलं नाही.

आता टीव्हीवर पाच जिराफ पाण्यापाशी आले होते, पण एकही पाय फाकून खाली वाकत नव्हता. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं होतं. ऋतानेच मला सांगितलं होतं, “सिंह दिसला की जिराफ लगेच पळत नाहीत, आई. त्याच्यावर नजर रोखून उभे राहतात.”

ते आमच्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या मागे बघत होते.

तेवढ्यात पलीकडे जीप थांबली. ऋता उतरली.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. साधं तरस दिसलं तरी मी फोन करते, म्हणून कामावर असताना ती माझा फोन म्यूट करते.

“अगं, डॉक्टरेट आहे ती. तिला कळत नाही का?” निशिकांत म्हणाले, पण उठून उभे राहिले.

ऋता जिराफांसमोरून चालत आली. त्यांच्याकडे बघून हसलीसुद्धा. आपल्यालाच बघतायत, असं वाटलं असणार बिचारीला. तिच्या हातात माझ्या जुन्या सुती साडीचं फडकं होतं, मीच दिलेलं.

“ऋता, मागे फीर! अगं मागे फीर गं!” मी टीव्हीवर ओरडत होते.

तिने काच पुसली. चित्र एकदम लख्ख झालं. नाकावरचा घाम दिसला, कपाळावरची बट दिसली. “दिसतेय का?” तिचे ओठ हलले.

मग तिची नजर कॅमेऱ्याच्या वर गेली आणि तिथेच राहिली. फडकं हातातून गळालं.

मागे पाचही जिराफ उधळले. माझ्या कानाशी फोन अजून वाजत होता.