लाडका चुंबक

“अगं, श्वास तरी घे,” प्रयोगशाळेतली शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली.

मी कुठली घेतेय! डोळे पडद्याला चिकटलेले. तपासणीच्या यंत्राने काढलेली रेघ जिथे सपाट राहायला हवी, तिथे टोक वर आलं होतं. म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा बंध तुटला होता. आणि तो तोडणारं माझं धातूचं संयुग मी त्या बाटलीत घातलंच नव्हतं.

हा बंध महाचिवट. एरवी भट्टीएवढी उष्णता द्यावी तेव्हा कुठे हलतो. माझं संयुग मात्र तो खोलीतल्या उबेत तोडतं, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. उद्या माझे मार्गदर्शक सर ते भरसभेत मांडणार होते. म्हणून आज शेवटची खात्री: सगळं घालायचं, फक्त संयुग नाही.

मग तोडलं कोणी? भुताने?

बाटलीच्या तळाशी ढवळायचा चुंबक होता, औषधाच्या गोळीएवढा, काळपट डाग पडलेला. पहिल्यांदा बंध तुटला तेव्हा हाच होता. तेव्हापासून संयुगाच्या बाटलीत मी हाच टाकायची. हसा हवं तर, पण लकी वाटायचा मला. बिनसंयुगाच्या बाटल्यांना नवे चुंबक. आज नवे संपले, म्हणून याला टाकला होता.

ते डाग कुणाच्या तरी जुन्या प्रयोगातल्या धातूचे असणार, आणि बंध तोच धातू तोडत असणार.

ताईकडून कोरा चुंबक मागून घेतला आणि या वेळी संयुग घातलं. संध्याकाळी रेघ आली. सपाट.

चुंबक घेऊन सरांच्या दाराशी गेले. गप्प बसले तर कुणाला कळणार होतं? पण मग जन्मभर प्रत्येक फोनला दचकायचं. दार वाजवलं.

सगळं ऐकून सरांनी चुंबक तळहातावर घेतला.

“आणखी कुणाला माहीत आहे हे?”

“आपल्या दोघांनाच.”

“उद्या सगळ्यांना कळेल. मी सांगेन. तू पुढच्या रांगेत बस.”

जिन्यात बसून घरी फोन लावला. बंध तुटल्याचं बाबांनी आळीभर सांगितलं होतं. आणि काम संपलं, आता पहाटे उठून माझा डबा भरू नका, असं मी कालच त्यांना ऐटीत बजावलं होतं.

“बाबा, तो बंध मी तोडलाच नव्हता हो.”

पलीकडे टीव्ही चालू होता. बाबांनी तो बंद केला.

“म्हणजे उद्या डबा लागेल ना तुला?”