भोंग्यावरून बोलताना

सृष्टी नाशिकला 'विकास संवाद', म्हणजे लोकांपर्यंत उपयोगी माहिती कशी पोहोचवायची, या विषयाची पदवी घेत होती. तिच्या गावात, सायखेड्यात, हा विषय कुणाला ठाऊक नव्हता, आणि कुणी विचारलं तर तीही नुसतं "बी.ए. करते" म्हणून वेळ मारून नेई.

ती गावी आली असताना एका रविवारी सकाळी बिबट्या शेजारच्या कुसाकाकूंच्या गोठ्यात शिरला. लागूनच्या खोलीत काकू एकट्या अडकल्या होत्या, आणि बाहेर काठ्या नि मोबाइल घेऊन गाव ओरडत होतं. बिबट्या बिथरून काकूंवरच झेपावेल, अशी सृष्टीला भीती वाटली. ती देवळाकडे धावली आणि तिने भोंग्याचा माईक हातात घेतला. घाबरलेल्या माणसांना एका वेळी एकच गोष्ट सांगायची, हे ती कॉलेजात शिकली होती.

"काकू, आतून कडी लावून घे."

मग तिने गर्दीत पुढे असलेल्या महेशदादाला हाक दिली.

"महेशदादा, सगळ्यांना देवळाकडं आण. नदीकडची वाट मोकळी सोडा."

गलका ओसरला. लोक देवळाकडे सरकले. मग बिबट्या बाहेर आला आणि नदीकाठच्या उसात पळाला.

सृष्टी धावत पोहोचली तेव्हा काकूंनी दार उघडून तिचा हात घट्ट धरला.

"तू बोलली म्हणून कडी सुचली, पोरी. मला तर काहीच उमगत नव्हतं."

सृष्टीला आपल्या शिक्षणाचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.