दोन माणसांचा प्रयोग

वत्सला सोमकुंवर यांनी सौसरच्या शाळेत एकतीस वर्षे जीवविज्ञान शिकवले होते. त्यामुळे स्वतःची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा त्यांना दुःखापेक्षा प्रश्नच अधिक पडले. त्याला आता तीन वर्षे झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मोहगावहून पांढुर्ण्याला यायचे, चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडायचे आणि तेवढ्या वेळात कुणाचे तरी चुकीचे मत दुरुस्त करायचे, असा त्यांचा क्रम होता.

चुकीची मते पुरवण्याचे काम शेजारच्या खाटेवरचे गुणवंता घागरे मन लावून करीत. ते तिगावचे बागाईतदार. मूत्रपिंडांना न झेपणाऱ्या पोटॅशियममुळे स्वतःच्या बागेतल्या संत्र्याची एक फोडही त्यांना वर्ज्य होती. म्हणून ते थैलीभर संत्री आणून कक्षातल्या नर्सना खायला लावत आणि चव कशी लागली याची सविस्तर चौकशी करत.

एका शुक्रवारी डॉक्टर वत्सलाबाईंचा रक्ताचा अहवाल घेऊन आले. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढत होत्या, लिम्फोसाइट घटत होत्या. दोहोंचे प्रमाण सहा महिन्यांपूर्वी तीन होते, आता साडेपाचला टेकले होते.

"चालताना दमही लागतो म्हणता," डॉक्टर म्हणाले. "नागपूरला जाऊन हृदयाचा इको करून घ्या."

"डॉक्टरसाहेब, ज्यांचं प्रमाण वाढलेलं असतं त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो, हे मान्य. पण ते रुग्णांच्या समूहाबद्दल झालं. माझ्या एकटीबद्दल हा आकडा काहीच सिद्ध करत नाही."

वाक्य निर्दोष होते. दोष एवढाच, की ते नागपूरला न जाण्यासाठी वापरले जात होते. जे मोजलेच नाही ते वाईट निघू शकत नाही, असा एक विचार वत्सलाबाईंच्या मनात तळाशी बसला होता, आणि तो अवैज्ञानिक असल्यामुळे त्या त्याच्याकडे पाहत नसत.

डॉक्टर गेल्यावर गुणवंता कुशीवर वळले. "काय भानगड हाये मॅडम ही?"

"न्यूट्रोफिल म्हणजे हल्ला झाला की आधी धावून जाणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट शत्रू ओळखून, लक्षात ठेवून काम करतात. पहिल्या वाढल्या, दुसऱ्या घटल्या, की समजायचं, शरीरात कुठंतरी आग धुमसून राहिली. ती रक्तवाहिन्यांना नडते, हृदयाला नडते."

"मतलब, घरात भांडणारे वाढले अन् समजदार निंघून गेले."

उपमा अचूक होती, म्हणून वत्सलाबाई थोड्या नाराज झाल्या.

"अन् माहं किती हाये व करुणाताई?"

करुणा म्हणजे तिथली तंत्रज्ञ. तिने फाईल उघडली. "सहा पूर्णांक एक, भाऊ."

"काही चिंता नाही. मी दर शनिवारी जामसांवलीच्या मंदिरात जाईन. हनुमानजी उतरवतेत का नाही पाहा."

"आकडा उतरला तरी त्यानं काही सिद्ध होत नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "न जाणारं कोणी तुलनेला पाहिजे."

"तुमी हा ना! तुमी त कधीच जात नाही."

अशी पैज लागली. आठ शनिवार गुणवंतांनी जायचे, वत्सलाबाईंनी जायचे नाही, मग दोघांचे रक्त तपासायचे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचे एक म्हणणे ऐकायचे. दोन माणसांवरचा प्रयोग हा प्रयोग नसतो, हे वत्सलाबाईंना पक्के ठाऊक होते. पण गुणवंतांना धडा शिकवण्याचा मोह शास्त्रापेक्षा मोठा ठरला.

आठ आठवड्यांनी करुणाने अहवाल वाचला. गुणवंता तीन पूर्णांक दोन. वत्सलाबाई सहा पूर्णांक तीन.

गुणवंतांनी एक हात वर केला. दुसऱ्यात सुया होत्या. "बोला बजरंगबली की!"

बाकीच्या खाटांवरून "जय" आला. वत्सलाबाईंच्या डोळ्यांपुढे, आपण प्रसाद हातात घेऊन जामसांवलीच्या रांगेत उभ्या आहोत आणि एखादी जुनी विद्यार्थिनी पाहते आहे, असे चित्र उभे राहिले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुमच्या गळ्यातली डायलिसिसची नळी कधी काढली?"

"तिसऱ्या हप्त्यात. हातातला फिस्टुला चालू झाला न, सुया आता तिथंच लागतेत, मग काढली."

"मग झालं तर! नळी म्हणजे शरीरात बाहेरची वस्तू. तुमची आग तिथं होती. नळी गेली, आकडा उतरला. प्रयोग रद्द."

गुणवंतांनी वर केलेला हात खाली घेतला. "मंजूर. मंदिर बाजूले ठेवू. माही आग नळीची होती." ते वळले. "तुमची कायची हाये मॅडम? तुमच्या गळ्यात त नळी नाही."

वत्सलाबाई कारणे मोजू लागल्या. फिस्टुला स्वच्छ होता. ताप नव्हता. दात गेल्याच महिन्यात तपासले होते. खोकला नव्हता, जखम नव्हती. एकेक कारण खोडत त्या शेवटाला आल्या, आणि तिथे फक्त चालताना लागणारा दम उरला.

"अन् कारण माहीत नसलं त काय करा लागते?" गुणवंतांनी अगदी निरागसपणे विचारले.

"तपासावं लागतं," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळले.

"करुणाताई, ऐकलं न तुमी?"

"ऐकलं भाऊ. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी इको चांगला होतो. मंगळवार लिहू का मॅडम?"

"लिही," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण मी पैज हरलेली नाही."

"काहीच नाही हरल्या," गुणवंता म्हणाले. "गाडीत खिडकीजवळ बसजा."

इकोत हृदयाची डावी भिंत जाड निघाली आणि अंगात पाणी साचत असल्याच्या खुणा दिसल्या. पंप अजून बरा होता. आणखी वर्षभर थांबला असतात तर मला हे म्हणता आले नसते, असे नागपूरचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक गोळी बदलली आणि डायलिसिसनंतरचे वजन दीड किलोने खाली आणायला सांगितले. आकडा याच पाण्यामुळे वाढला का, यावर मात्र त्यांनी 'शक्य आहे' एवढेच उत्तर दिले. ते उत्तर वत्सलाबाईंना फार आवडले.

बुधवारी गुणवंतांनी सगळे ऐकून घेतले आणि समाधानाने मान हलवली. "पाहा मॅडम. तुमी देवाच्या दारात गेल्या नाही, तरी हनुमानजीनंच तुमाले नागपूरले पाठवलं."

"हे विधान तपासताच येत नाही, भाऊ!"

"म्हणून त पक्कं हाये."

वत्सलाबाई उठून बसल्या. पुढची पंधरा मिनिटे त्यांनी सिद्ध होणारे आणि न होणारे यांतला फरक चढ्या आवाजात समजावला. शेवटी करुणाने यंत्रावरचा रक्तदाब पाहिला आणि दोन खाटांच्या मधला पडदा ओढून घेतला.