रंग सुकेपर्यंत

रिकाम्या घरात कुजबुजसुद्धा भिंतींवर आपटून परत येते, म्हणून सूनबाईने जे बोलायचं ते जिन्यातच बोलून घेतलं. सासरा, जन्माचा पेंटर, सहा पायऱ्या मागे होता. दम लागला म्हणून कठड्याला धरून थांबला होता. त्याची फुप्फुसं गेली होती, पण कान शाबूत होते.

"रंग द्यायचा ठरला तर बाबांना इथे आणता येणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. वास नको, धूळ नको."

"आणि नाही दिला तर?"

"तर काय, येतील सामानाबरोबर."

पेंटरला यापुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुनं घर महिनाअखेर सोडायचं होतं. रंग दिला, तर मधल्या दिवसांत त्याची सोय गावाबाहेरच्या वृद्धनिवासात होणार. त्याचा जुना दोस्त, नळाची कामं करणारा फिटर, तिथेच होता. घरातल्या फरशा बदलायच्या म्हणून त्याला आठ दिवसांसाठी नेऊन ठेवलं होतं. फरशा बसल्या, त्यांवर दोन वर्षं माणसं चालली, आणि फिटर अजून लोखंडी खाटेवर बसून मुलाच्या गाडीची वाट बघत होता.

मुलाने कुलूप काढलं. तो बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. काचेतला मोहरीएवढा बुडबुडा त्याच्या नजरेतून सुटत नसे. ही नजर बापाने घडवली होती, आणि कशी घडवली ते दोघंही विसरले नव्हते.

"बाबा, निर्णय तुमचा," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तुम्ही भिंतीच बघितल्यात. हवा म्हणालात तर देऊ, नको म्हणालात तर नको. तुमचा शब्द शेवटचा."

"अगदी," सूनबाई म्हणाली. "उगाच मागून बोलायला नको कुणी."

पेंटरबद्दल एक गोष्ट त्याचे शत्रूही मान्य करत, आणि शत्रू त्याला भरपूर होते. भिंतीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. 'अजून दोन वर्षं हात लावू नका' असं सांगून त्याने हातची कामं परत पाठवली होती. दुसऱ्या रंगाऱ्याचं काम दिसलं की घरमालकासमोर विचारायचा, "हा रंग लावलाय की सांडलाय?" आणि मुलाला सुट्टीत कामावर न्यायचा तेव्हा संध्याकाळी म्हणायचा, "हात दाखव." तळवे पुरेसे पांढरे नसले की भिंत पुन्हा पहिल्यापासून घासायला लावायचा. एकदा त्या घरच्या मुली दारात उभ्या राहून हसत असताना त्याने हे केलं होतं. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

त्याने तपासणी सुरू केली. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी बोटाच्या पेरांनी ठोकायचं, मग ओलं फडकं फिरवायचं, मग नाण्याच्या कडेने एक बारीक ओरखडा, आणि शेवटी कोरडा तळवा भिंतीवरून खालपर्यंत ओढायचा. बाहेरची खोली चांगली निघाली. झोपायची खोली त्याहून चांगली. स्वयंपाकघरात तेलाचा थर होता, पण तो साबणाने निघाला असता. पेंटरला वाटलं, दैव आज आपल्या बाजूने आहे. दोघं त्याच्या मागे मागे येत होती.

चौथी खोली छोटी होती. तीच त्याची. खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसत होतं. खाट कुठे, औषधांचं कपाट कुठे, हे त्याने पहिल्याच भेटीत मनात लावून टाकलं होतं. "तुम्ही थांबा, अंधार करू नका दारात," असं म्हणून तो एकटाच आत गेला.

मोरीच्या बाजूच्या भिंतीवर त्याने पेरं आपटली. आवाज भद्द आला. त्याने तळवा ठेवला, तर भिंत गार. जमिनीपासून दीड हात उंचीपर्यंत रंगाला बारीक फोड होते आणि त्यांतून मिठासारखी भुरभुरीत पांढरी पूड बाहेर आली होती. विटेतून पाणी वर चढतं, बरोबर क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो, फुगतो आणि रंगाला आतून ढकलतो. पेंटर याला 'भिंतीला घाम आलाय' म्हणायचा. अशी भिंत विटेपर्यंत खरवडून, गळती काढून, महिनोन् महिने उघडी ठेवावी लागते. त्याने तळवा ओढला. तो पिठात बुडवल्यासारखा झाला.

त्याने हात पँटच्या खिशात घातला आणि बाहेर आला.

"भिंती उत्तम आहेत. साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. पाच वर्षं बघायला नको."

सूनबाई त्याच्या पँटकडे बघत होती. पँट काळी होती आणि खिशाच्या कडेला चार बोटांचे पांढरे पट्टे उमटले होते.

"बाबा, हात दाखवा."

"कसला हात?"

"उजवा. खिशातला."

"अगं, रुमाल शोधतोय मी."

"सापडला की दाखवा. आम्ही थांबतो."

पेंटरने मुलाकडे पाहिलं. मुलाने भिंतीला टेकून हाताची घडी घातली होती. "दाखवा ना बाबा. त्यात काय एवढं? मी नाही का दाखवायचो रोज?"

म्हाताऱ्याने हात बाहेर काढला. सूनबाईने त्याचं मनगट धरलं, तळवा खिडकीच्या उजेडात वळवला आणि त्याच्यावर बोट फिरवून नवऱ्याला दाखवलं. "अगंबाई! पावडर लावल्यासारखा."

"डोळ्यांना नीट दिसत नाही हल्ली," पेंटर पुटपुटला.

"तळव्याला डोळे कधीपासून लागायला लागले?" मुलगा म्हणाला, आणि नवराबायको हसली. हसणं रिकाम्या खोल्यांतून फिरून आलं.

पेंटर लगेच दुसऱ्या वाटेने गेला. तो गयावया करणारा माणूस नव्हता, त्यामुळे गयावया त्याला नीट जमलीही नाही. पाण्यातला रंग घ्या, म्हणाला, त्याला वास नसतो. घासायचा कागद ओला करून घ्या, धूळ उडत नाही. मी दार लावून स्वयंपाकघरात बसतो. नाकाला फडकं बांधतो. जन्मभर नाही बांधलं, आता बांधतो.

"छे छे," सूनबाई म्हणाली. ती औषधांच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा तिचा एक गोड, पक्का स्वर होता. "ऑइल पेंटच द्यायचा. पुसता येतो, टिकतो. तुम्हीच सांगायचात ना, पाण्यातला रंग म्हणजे भिंतीला पावडर थापणं. आणि तुमच्या तब्येतीशी खेळ आम्ही नाही करणार." तिने फोन काढला. "किती दिवस लागतील ते सांगा फक्त. प्रायमर?"

"एक दिवस."

"पुट्टी?"

"दोन हात. मधे एक दिवस. मग घासणी." द्यायची नसतानाही तो उत्तरं देत होता, विचारणाऱ्याला बरोबर उत्तर देण्याची जन्माची खोड होती.

"रंगाचे हात?"

"दोन. वास जायला खिडक्या उघड्या ठेवून आठ दिवस. म्हणजे सगळं मिळून पंधरा-सोळा दिवस. जास्त नाही." पंधरा-सोळा दिवस काढता येतात, असं त्याला वाटलं. फिटरसोबत पत्ते खेळू.

"आणि ही ओली भिंत," मुलगा सहज म्हणाला. तो खिडकीतून मैदानाकडे बघत होता. "ती काय, खरवडून आठवड्याभरात सुकते. पंख्यासमोर चार दिवसांतसुद्धा."

त्याला बापाची नस ठाऊक होती.

"आठवड्याभरात?" पेंटर उसळला. "कुणी शिकवलं तुला हे? पंख्याने वरचं कातडं सुकतं, आतली वीट ओलीच. इंचाला एक महिना लागतो, गाढवा! ही भिंत विटेची आहे, चार इंच. म्हणजे चार महिने. त्याच्या आधी जो हात लावेल तो रंगारी नव्हे, कसाई."

पेंटरचं तोंड अजून उघडंच होतं.

"चार," सूनबाई म्हणाली. "लिहिते."

वृद्धनिवासात खाटा आठ-आठच्या रांगेत होत्या आणि कपाटांवर नंबर होते. फिटर सहाव्या खाटेवर बसला होता. त्याने दोस्ताची पिशवी बघितली आणि विचारलं, "फरशा की रंग?"

"रंग."

"किती म्हणाले?"

"चार महिने. पण ते मीच म्हणालो."

फिटर ठसका लागेपर्यंत हसला. मग परिचारिकेला हाक मारून म्हणाला, "बाई, याला भिंतीकडची खाट द्या. आम्हा माणसांशी याचं कधी पटलं नाही."

दर रविवारी अकरा वाजता मुलाचा फोन येई. पेंटर साडेदहापासून फोन मांडीवर घेऊन बसे.

"बाकीच्या खोल्यांचा प्रायमर झाला, बाबा. ओली भिंत खरवडून ठेवलीय."

"पातळ केलास ना? पहिला हात पातळ."

"केला."

"खरवडताना वीट दिसली? सगळीकडे?"

"दिसली."

पुढच्या रविवारी पुट्टी. त्याच्या पुढच्या रविवारी घासणी, आणि पेंटर फोनवर ओरडला की गोल गोल घासू नको, वरून खाली घास. मुलगा म्हणाला, "बरं बाबा." इतकं नम्र 'बरं' त्याने या मुलाच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तो आठही खाटांना सांगत सुटायचा. दिवाणखान्याला दुधी रंग, छोट्या खोलीला फिकट आकाशी, वरच्या पट्टीला त्याहून अर्धा ठिपका गडद. रंगांचं प्रमाण त्याने स्वतः सांगितलं होतं, चमच्यांच्या हिशेबात. कुणी विचारलं नाही तरी तो सांगे. चाळीस वर्षांत एकही घर त्याने इतक्या काळजीने रंगवलं नव्हतं.

"ब्रशचा एक केससुद्धा नाही राहिलेला भिंतीवर," तो फिटरला म्हणाला.

"तू बघितलास?"

"मला फोनवर कळतं."

चार महिने पूर्ण झाले त्या दिवशी फोनची वाट न बघता तो परवानगीची चिठ्ठी घेऊन बसने निघाला. सहाच्या आत परत यायचं होतं. जिना त्याने पाच वेळा थांबून चढला. दारावरची बेल दाबली तेव्हाच त्याच्या नाकाने जुनी ओल टिपली होती, पण मनाने ती आत घेतली नाही.

दार विहीणबाईंनी उघडलं. सुनेची आई, मऊ बोलणारी, अंगाने बारीक बाई. "अगंबाई, व्याहीबुवा! या, या. दोघं कामावर गेलीयत. धाप लागलीय तुम्हाला, बसा आधी." तिने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं, चहा टाकला. चहा गाळताना ती दोनदा खोकली.

पेंटर भिंतींकडे बघत होता. दिवाणखान्यात जुन्या मालकाच्या घड्याळाचा गोल फिकट डाग तसाच होता. दारामागे जुन्या रंगाचा ओघळ तसाच होता.

"रंग कुठाय?" तो म्हणाला.

"कसला रंग?"

"घराला दिलेला."

"रंग नाही बाई दिलेला. मी येऊन साडेतीन महिने झाले, घरात ब्रशसुद्धा दिसला नाही. महिना संपला तशी ही दोघं सामान घेऊन आली, पंधरा दिवसांनी मला आणलं." ती त्याच्यासमोर बसली. "तुम्हाला म्हणे तिथेच करमतं. जिवाभावाचे दोस्त आहेत. जावईबापू सांगत होते, दर रविवारी तासन् तास बोलतात बाबा, किती खुश असतात. मला तर हेवा वाटला तुमचा. या ना, माझी खोली बघा."

छोट्या खोलीत पलंग होता, औषधांचं कपाट होतं. मोरीच्या बाजूच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत हिरव्या पानांचा चकचकीत कागद चिकटवला होता. पेंटरने त्यावर अंगठा दाबला. कागद आत गेला आणि तसाच राहिला. तळाशी, जोडाच्या फटीत, काळे ठिपके धरले होते. कागदामागे काय वाढत असेल ते त्याला बघायची गरज नव्हती. अशा भिंतीपाशी झोपणाऱ्यांचं काय होतं तेही त्याने अनेक घरांत पाहिलं होतं.

"खोकला कधीपासून?" त्याने विचारलं.

"इथे आल्यापासूनच म्हणा ना. पाणी बदललं, दुसरं काय." ती पलंगाच्या कडेवर टेकली. "बरं झालं तुम्ही आलात. मुलीला विचारलं तर ती म्हणते भास होतो तुला. झोपल्यावर या बाजूने गार लागतं हो. वासही येतो जरासा. तुम्ही जाणकार माणूस. भिंत बरी आहे ना? की पलंग खिडकीपाशी सरकवून घेऊ?"

चार महिन्यांत त्याला एखाद्या भिंतीबद्दल मनापासून विचारणारी ती पहिली व्यक्ती होती. तिचा चेहरा वर वळला होता आणि तो जे सांगेल ते ती ऐकणार होती.

"भिंत उत्तम आहे," पेंटर म्हणाला. "जाड भिंत गारच असते. पलंग हलवू नका. उलट जरा लांब राहिलाय, चिकटवून घ्या, म्हणजे फटीतून वारा यायचा नाही. आणि ती खिडकी बंद ठेवत जा. खोकल्याला वारा वाईट."

"बघा, असं कुणी सांगतच नाही," विहीणबाई म्हणाली आणि उठून तिने खिडकी लावून घेतली, कडीसकट.

एकटीने पलंग हलेना. तेव्हा पेंटरने गुडघा टेकवला, खांदा लावला आणि दोन दमांत डोक्याकडची बाजू भिंतीला घट्ट भिडवून दिली. त्याच्या छातीत शिट्टी वाजू लागली. ती धावत जाऊन पाणी घेऊन आली, आणि तो पिईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.