लाल शाईच्या सतरा ओळी

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे आणि सध्या पोत्यात आहे. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं आहे. सोमवारी रद्दीवाला येणार आहे.

परभणीतल्या एका लहान संग्रहालयात मी तीस वर्षं काम केलं. पोखर्णीच्या शेतात सापडलेली मूर्ती असो की पूर्णेचा रेल्वेचा कंदील, वस्तू आली की नोंदी ठेवणाऱ्या लीलाबाई तिच्या तळाशी बारीक नंबर घालत आणि माझ्यात एक ओळ लिहीत. दान आलेली वस्तू काळ्या शाईनं. अमानत ठेवलेली, म्हणजे मालक मागेल तेव्हा परत द्यायची, ती लाल शाईनं. हा नियम त्यांनी कुठं लिहून ठेवला नाही. लिहिणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पाहुणे माझ्यातलं अक्षर बघून कौतुक करायचे.

गेल्या वर्षी लीलाबाई वारल्या. पंधरा दिवसांनी त्यांचे यजमान अप्पाराव त्यांचा चष्मा न्यायला आले. माझ्यावर एकदा हात ठेवला आणि चष्मा घेऊन गेले. लाल शाईची दौत तेच आणून देत, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण कुणी विचारलं नाही, आणि त्यांना त्या दिवशी बोलता आलं नाही.

मग कम्प्युटर आला. नचिकेत नावाच्या तरुण कारकुनानं माझी पानं स्कॅन केली. रंगीत फाइल जड होते म्हणून काळीपांढरी केली. माझ्या सतरा लाल ओळी काळ्या झाल्या. मला ओरडता आलं नाही. सगळ्यांपुढं त्यानं 'दान' भरलं. नंतर हुकूम आला, दानाच्या वस्तू मोठ्या शहरातल्या संग्रहालयात पाठवा.

काल झरीच्या कासाबाई आल्या. पूर्वी त्यांच्या मेंढ्यांच्या तळावर चोरी झाली, तेव्हा त्यांनी बिरोबाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, लीलाबाईंकडे ठेवला होता. आता नातीचं, शालूचं लग्न आहे. पहिली हळद देवाला लागते.

"बाई म्हन्ली व्हती, कवाबी ये न् घेऊन जा."

"आजी, कम्प्युटरमधी दान आहे. दान दिलेलं परत मागतेत का?"

"देव कोन दान देतंय रं? तुज्या घरचा दिलास का कुनाला?"

नचिकेत हसला. मग त्यानं कम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "हे बघा, लिहिलंय. मी काय करू?"

"मला वाचता येत न्हाई, बाबा. बाईला येत व्हतं."

त्या दारातच बसल्या, माझ्या पोत्याला पाठ टेकून. संध्याकाळी शिपायानं कुलूप लावताना त्यांना उठवलं. आज सकाळी दानाच्या वस्तू घेऊन टेम्पो मोठ्या शहराकडं गेला. टाक कापसात गुंडाळून त्यातच गेला.

मित्रांनो, कम्प्युटरवर माझा राग नाही. पण जुनी वही पोत्यात भरण्याआधी ती लिहिणाऱ्याच्या घरी एकदा जाऊन या. अप्पाराव अजून आहेत. विचारलं तर सांगतील.

कासाबाई पहिल्या होत्या. अजून सोळा जण यायचे आहेत.