डोक्यावरची चुंबळ

संग्रामने माझा धावतानाचा व्हिडिओ काढला आणि मी तो स्लो करून अकरा वेळा पाहिला. चुका वहीत उतरवल्या. सतरा निघाल्या. टाच आधी पडते, खांदे कानांशी जातात, जबडा आवळलेला, अंगठा मुठीत. संग्राम म्हणाला, "आपल्या लग्नाचा व्हिडिओ तू इतक्यांदा नाही पाहिलास."

त्याला विनोद सुचत होते, कारण भरती त्याची नव्हती. वनरक्षकाच्या जागेसाठी माझं वयात बसणारं हे शेवटचं वर्ष. लेखीचे मार्क जेमतेम, त्यामुळे तीन किलोमीटर सोळा मिनिटांच्या आत व्हायलाच हवे होते. मला साडेसतरा लागत होती, आणि दोन किलोमीटरनंतर डावा गुडघा दुखायचा. चाचणीला उरले होते तीन आठवडे.

मनवेलपाड्यात आमच्या दारासमोर सकाळपासून रिक्षा उभ्या असतात. म्हणून दीड वर्षाच्या पिंकीला सासूबाईंकडे सोपवून मी स्कूटरने जवळच्या वटार गावाला जायची. तिथे वाड्यांमधून सरळ रस्ता आहे. पिंकी उठली तर कळावं म्हणून फोन डाव्या मुठीत धरायची. तो एकदाही वाजला नव्हता, म्हणून चालू आहे ना ते अधूनमधून बघावं लागायचं.

पहिले तीन दिवस मी सतराही चुका एकदम सुधारल्या. अठरा मिनिटं दहा सेकंद लागले.

वाटेत एका वाडीच्या फाटकाशी प्रिस्का मावशी भाजीच्या जुड्या बांधत बसायच्या. पंचाहत्तरीच्या असतील. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली.

"बाय, पोर कुठे ठेवलंस?"

"घरी. सासूबाईंकडे." मी मुठीतला फोन बघितला. "का? काय झालं?"

"काय नाय. रोज कमरेवर घेऊन पळतेस, म्हणून विचारलं."

मी खाली पाहिलं. डावा हात कोपरात वाकून पोटाशी, डावी कंबर बाहेर. पिंकीची बसायची जागा. वहीत ही चूक नव्हती.

मावशींनी शेजारच्या पाटीतून चुंबळ काढली. जुन्या लुगड्याचं घट्ट वेटोळं, पाटीखाली डोक्यावर ठेवायचं. "चाळीस वर्षं पाटी घेऊन नालासोपाऱ्याच्या बाजाराला चालत गेले. ही ठेव डोक्यावर आणि चाल."

"नुसती चुंबळ?"

"मग काय, वांगी घालून देऊ?"

पहिल्याच पावलाला पडली. मान ताठ धरली, तरी पडली. पाय कसा पडतोय ते बघायला वाकले, तेव्हा तर पडणारच होती.

"मानेने काय धरतेस? पाटी टाचेपासून धरतात. पाय टेकला की कंबर हलू दे, कंबर हलली की खांदा. खालचं सगळं सैल हललं की वरचं जागेवर राहतं."

"पण टाच आधी पडते ना माझी."

"तिला सांगून काय होणार? आणि तो फोन दे इकडे."

"आला तर?"

"मी बोलेन. तुझ्या सासूशी पण कोणी बोलायला पाहिजे."

आठवडाभर चालले, मग हळूहळू पळाले. पिंकीने साबण खाल्ला असेल का, असं मनात आलं की चुंबळ पडायची. प्लगला हात लावला असेल का, परत पडायची. मावशी फक्त म्हणायच्या, "उचल." एकदा फोन खरंच वाजला. मावशी आणि सासूबाई वीस मिनिटं बोलल्या. पिंकीचा विषय निघाला नाही, असं दोघींकडूनही कळलं.

शेवटच्या दोन दिवसांत चुंबळ रस्त्याच्या टोकापर्यंत टिकली. वही मात्र स्कूटरच्या डिकीत असायची. लागली तर हवी.

चाचणीच्या सकाळी संग्राम पिंकीला कडेवर घेऊन मैदानाच्या दोरीपलीकडे उभा होता. फोन त्याच्याच खिशात होता. मी टाच, कंबर, खांदा एवढंच बघत पळत होते. पाचव्या फेरीला मागून रडणं ऐकू आलं. पिंकीच्याच वयाचं पोर, "आई, आई" असं एका सुरात.

डावी कंबर बाहेर निघाली. मान वळायला लागली. वळली असती तर चुंबळ पडली असती. चुंबळ वटारला होती, तरी पडली असती. मी श्वास सोडला, कोपर सोडलं, मूठ सोडली. रडणं चालू राहिलं आणि मीही.

पंधरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. आकडा मी दोनदा विचारला. गुडघ्याची आठवण त्यानंतर आली.

संग्रामकडे गेले तेव्हा पिंकी त्याच्या खांद्यावर झोपलेली होती, हातपाय लोंबत.

"किती वेळ रडत होती?"

"ही? तू पळायला लागलीस तेव्हाच झोपली. रडत होतं ते त्या निळ्या टोपीवाल्यांचं."

मी तिला घेतलं. यावेळी उजव्या कमरेवर. तिने एक डोळा उघडला, जागा बदललेली पाहिली आणि रडायला लागली.